नदीच्या नकाशावरून कुशचे राज्य कसे वाचावे

नाईलच्या मधल्या टप्प्यावर, आजच्या सुदानच्या उत्तर भागात, कुशचे राज्य हजार वर्षांहून अधिक काळ टिकले आणि सोने, हस्तिदंत, आबनूस, कातडी व धूप यांच्या व्यापारावर पोसले गेले. त्याचा अभ्यास बरेच जण राजांच्या यादीपासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात, कारण सत्तेचे केंद्र केर्माहून नापाताला आणि नापाताहून मेरोएला का सरकले, याचे उत्तर त्या यादीत सापडत नाही. म्हणून आधी नदी काढावी आणि मगच शहरे मांडावीत.

आस्वानपासून खार्तूमपर्यंतचा नाईलचा प्रवाह मोठ्या कागदावर उतरवून घ्यावा. त्यासाठी शक्यतो १९६० पूर्वीचा नकाशा पाहावा, कारण आस्वानच्या मोठ्या धरणाच्या जलाशयात दुसरा प्रपात बुडाला आणि २००९ मध्ये पूर्ण झालेल्या मेरोवे धरणामुळे चौथ्याचीही तीच गत झाली. प्राचीन नावाड्यांच्या वाटेत जे आडवे येत होते, ते आजच्या नकाशावर निळ्या सरोवराखाली झाकलेले असते.

आता सहा प्रपातांच्या खुणा कराव्यात. प्रपात म्हटले की उंच धबधबा डोळ्यांसमोर येतो, पण इथे तसे काही नाही. कठीण खडकाच्या असंख्य बेटांतून पाणी फुटून, फेसाळत वाहते आणि भरलेली नाव तिथून सुखरूप नेणे कठीण असते. पहिला प्रपात आस्वानचा आणि सहावा खार्तूमच्या उत्तरेचा, म्हणजे ही मोजणी इजिप्तकडून वर, प्रवाहाविरुद्ध दक्षिणेकडे, येणाऱ्याची आहे. कुशच्या बाजूने पाहणाऱ्याने ती उलटी वाचावी. त्याच्यासाठी प्रत्येक प्रपात हा उत्तरेकडून येणाऱ्या सैन्याच्या वाटेतला आणखी एक अडथळा होता.

यानंतर वाऱ्याची दिशा दाखवावी, आणि ही पायरी कोणीही गाळू नये. इजिप्तमध्ये नदी उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक काळ उत्तरेकडून येतो, त्यामुळे उतरताना प्रवाह नाव नेतो आणि चढताना शीड. अबू हमदपाशी मात्र नदी मोठे वळण घेऊन नैर्ऋत्येकडे वाहू लागते. नापाताहून अबू हमदकडे नाव चढवायची, तर प्रवाहही समोरून येतो आणि वाराही, शिवाय वाटेत चौथ्या प्रपाताचे खडक असतात. मला हीच या नकाशातील सर्वांत बोलकी जागा वाटते, कारण इथे नदीनेच माणसांना नदी सोडायला लावली. नापाता ते मेरोए हे अंतर बायुडा वाळवंटातून सरळ रेषेत सुमारे २७० किलोमीटर भरते, तर नदीमार्गे त्याच्या जवळपास दुप्पट. वाळवंटातील ही वाट तुटक रेषेने दाखवावी. अबू हमदहून उत्तरेला, इजिप्तच्या बाजूच्या कोरोस्कोकडे जाणारी वाटही तशीच काढावी.

मग जिथे तुटक रेषा नदीला मिळते आणि जिथे नावेतील माल उतरवावा लागतो, अशा जागांभोवती वर्तुळे काढावीत. नापाता चौथ्या प्रपाताच्या खाली, बायुडाच्या वाटेच्या तोंडाशी येते. अर्थात तिथे जेबेल बर्कल हा अमून देवाचा पवित्र डोंगरही होता, आणि सारे श्रेय पाण्याला देणे अन्यायाचे ठरेल. केर्मा तिसऱ्या प्रपाताच्या वरच्या अंगाला, रुंद सुपीक पट्ट्यात येते.

माल उतरवण्याची जागा म्हणजे काय, हे समजण्यासाठी दुसऱ्या प्रपाताकडे जरा थांबून पाहावे. मिर्गिस्सा येथे इजिप्शियनांनी नावा जमिनीवरून ओढून नेण्यासाठी मातीची घसरवाट बांधली होती. आडव्या लाकडांवर गाळ थापून तो ओला ठेवायचा आणि त्यावरून नाव सरकवायची, अशी ती रचना होती. उत्खननात नावांच्या तळाचे ओरखडेही त्या मातीत मिळाले. थोडे वर, सेम्ना येथे, इजिप्तचा राजा तिसरा सेनुस्रेत याने आपल्या राजवटीच्या आठव्या वर्षी सीमालेख उभारला. व्यापारासाठी इकेनला, म्हणजे याच मिर्गिस्साला, येणारा किंवा दूत म्हणून आलेला सोडून कोणाही नूबियनाने, म्हणजे सीमेपलीकडच्या दक्षिणेतील रहिवाशाने, जलमार्गाने वा खुश्कीने सीमा ओलांडू नये, असे तो बजावतो. खडकांनी अडवलेल्या पाण्यावर राजाने आपला पहारा बसवला, इतके ते सरळ होते.

मेरोए काढताना अटबरा ही उपनदी विसरू नये. मेरोए पाचव्या आणि सहाव्या प्रपातांच्या मध्ये, अटबरा व नाईल यांच्यामधील प्रदेशात वसले होते, आणि ग्रीक लेखक या प्रदेशाला बेटच म्हणत. इथे उन्हाळी पावसाची उत्तरेकडची कड पोहोचते. त्यामुळे नदीपासून दूर मुसव्वरात आणि नागा येथे पावसाचे पाणी साठवणारे प्रचंड तलाव खोदता आले, गुरे पोसता आली आणि लोखंड गाळायला लागणारे लाकूडही मिळाले. मेरोए येथे लोहमळीचे ढीग आजही उभे आहेत. इ.स.पू. ५९३ मध्ये इजिप्तचा राजा दुसरा सामटिक याच्या सैन्याने कुशवर स्वारी केली, आणि पुढे रोमचा सेनानी पेट्रोनिअस नापाता उद्ध्वस्त करून तिथूनच परत फिरला. या दोन्ही मोहिमा नकाशावर बाणांनी दाखवल्या, की मेरोए किती आत आणि किती सुरक्षित होते ते आपोआप दिसते.

शेवटी कागद पूर्वेकडे वाढवून तांबडा समुद्र आणि त्याच्या किनाऱ्यावरील अदुलिस बंदर काढावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत आजच्या इथिओपिया व एरिट्रियाच्या भागातील अक्सुमचे राज्य याच बंदरातून हस्तिदंत थेट समुद्रमार्गे पाठवू लागले, आणि त्या मालाला नाईलचा एकही प्रपात लागत नव्हता.