चालती गाडी एकदम डेड झाली? आधी बल्ब लावा, मग बॅटरीचं बोलू

बडोद्यात मकरपुऱ्याकडे माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. फोन करणाऱ्याचं निदान तयारच असतं: "भाऊ, बॅटरी बसली, नवी घेऊन या." मी विचारतो, हळूहळू बसली का एकदम?

हळूहळू म्हणजे सकाळी सेल्फ जड फिरला, लाइट पिवळट झाले, मग कट कट आवाज आणि शांत. तिथे डायनमो चार्ज देत नसेल, रात्री काहीतरी चालू राहिलं असेल, किंवा बॅटरी खरंच म्हातारी झाली असेल. पण डॅशबोर्डचा मीटर, हॉर्न, लाइट, काचा, सेंट्रल लॉक हे सगळं एका क्षणात गेलं असेल, तर बॅटरी रिकामी झाली असं धरून चालू नका. भरलेली बॅटरी क्षणात रिकामी होत नाही. करंटचा रस्ता कुठेतरी तुटलेला असतो, आणि तशा जागा मुख्यतः चार: टर्मिनल (बॅटरीच्या खुंटीवर बसवलेला वायरीचा क्लॅम्प), अर्थिंग (मायनसची इंजिन आणि बॉडीशी जोडणी), मेन फ्यूज आणि बॅटरीच्या आतला जोड.

रस्त्यावर झालं तर आधी गाडी कडेला घ्या. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग जड होईल, पण वळेल; जोर लावा. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एकदोन दाबांपुरतं व्हॅक्यूम उरतं, म्हणून पंप करू नका, एकच घट्ट दाब द्या. गाडी थांबेपर्यंत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. पार्किंग लाइटही पेटणार नाहीत, तेव्हा त्रिकोण बराच मागे ठेवा. अहमदाबाद एक्सप्रेसवेवर असाल तर बॉनेट उघडून उभं राहण्याची जागा ती नव्हे. रेलिंगच्या पलीकडे जा आणि हायवेची हेल्पलाइन १०३३ लावा.

आता तपासणी. लोक मल्टिमीटर लावतात, १२.६ व्होल्ट दिसतात, आणि म्हणतात बॅटरी तर फुल आहे. लोड नसताना आलेल्या त्या आकड्याला मी काडीची किंमत देत नाही. मीटर जवळजवळ करंट खेचतच नाही, त्यामुळे एका तारेच्या धाग्यावर लटकलेला जोडसुद्धा त्याला पूर्ण व्होल्ट दाखवतो. म्हणून माझ्या खिशात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब असतो: होल्डर, दोन लांब वायरी, टोकांना क्रोकोडाइल क्लिप, मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज. तो पावणेदोन अँपिअर खेचतो. एलईडीचा टेस्टर इथे चालत नाही, तोही मीटरसारखाच फसतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून क्लिपा आधी लावा आणि बल्ब होल्डरमध्ये शेवटी, लांब धरून बसवा. बिडी बाजूला. सीएनजी गाडीत गॅसचा वास येत असेल तर काहीच करू नका, लांब व्हा.

पहिल्यांदा दोन्ही क्लिपा बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर लावा. वरच्या टर्मिनलवर नाही, खुद्द खुंटीवर. बल्ब पेटलाच नाही किंवा पेटून लगेच मेला, तर बॅटरीच आतून तुटली आहे, नाहीतर पूर्ण रिकामी आहे. दोन्ही ओळखणं सोपं: बल्ब काढल्यावर मीटर पुन्हा १२ च्या वर गेला तर आतला जोड तुटलाय. अशा वेळी नवी बॅटरी घ्याच. टर्मिनलवर हातोडी ठोकून गाडी चालू करणारे उस्ताद हा जोड स्वतःच्या हाताने तोडतात, ते वेगळं.

खुंट्यांवर बल्ब लख्ख पेटला, तर एक क्लिप प्लसच्या खुंटीवरच ठेवा आणि दुसरी मायनसच्या टर्मिनलवर न्या. मग उलट करून बघा. विझला तिथे दोष. नंतर प्लसच्या टर्मिनलवरून इंजिनच्या उघड्या लोखंडावर आणि बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर. इथे विझला तर त्या बाजूची अर्थिंगची पट्टी गेली. शेवटी मायनसच्या खुंटीवरून मेन फ्यूजची अलीकडची म्हणजे बॅटरीकडची बाजू, मग पलीकडची. अलीकडे पेटतो आणि पलीकडे नाही, म्हणजे फ्यूज उडाला. जम्पर केबल उलटी लावल्यावर हमखास हा जातो. तिथे तार बांधू नका. त्याच अँपिअरचा फ्यूज बसवा, आणि तोही उडाला तर मायनस काढून ठेवा आणि शॉर्ट शोधून घ्या.

बल्ब सगळीकडे पेटतो, पण सेल्फ मारला की सगळं अंधारतं? मग जोड तुटलेला नाही, कमजोर आहे. ०.०५ ओहमचा जोड बल्बच्या करंटवर जेमतेम ०.१ व्होल्ट खातो. सेल्फने १५० अँपिअर खेचले की तोच साडेसात व्होल्ट खाईल. इथे मीटर कामाला येतो. एक टोक खुंटीवर, दुसरं त्याच टर्मिनलवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ च्या वर गेला तर उघडून साफ करा. मायनसच्या खुंटीवरून इंजिनच्या लोखंडावर ०.३ पर्यंत मी चालवून घेतो. त्याच वेळी दोन खुंट्यांमधला व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली गेला तर मात्र बॅटरीकडे वळा.

सफाई करताना मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा, वायर ब्रश, कोरडं फडकं, घट्ट बसवल्यावर वरून व्हॅसलीन. आमच्याकडे सीएनजी गाड्या पुष्कळ, आणि किट बसवणारे आपल्या वायरींची रिंगवाली टोकं (लग) प्लसच्या बोल्टखाली एकावर एक चढवतात. मग बोल्ट घट्ट वाटतो, पण टर्मिनल खुंटीवर सैलच राहतं. हाताने फिरवून बघा. फिरलं तर पुढचं वाचायची गरजही पडणार नाही. ऑटो स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत मायनसवर सेन्सर असतो, तो पान्याने उचकटू नका.

डायनमो तपासायला चालू इंजिनवर टर्मिनल काढायची जुनी सवय सोडा. व्होल्टेजचा झटका बसून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. चालू इंजिनवर खुंट्यांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की डायनमो ठीक. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना हातच लावायचा नाही.

हेडलाइट, हॉर्न चालतात आणि फक्त डॅशबोर्डचा मीटर, इंजिन मेलं, तर बॅटरी सोडा. इग्निशन स्विच, त्याचा रिले आणि फ्यूज बघा.

आता पुराच्या गाड्या. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी वस्तीत शिरलं, तेव्हा बडोद्यात कितीतरी गाड्या बुडाल्या. धुऊन, वाळवून त्या पुन्हा धावू लागल्या, पण तांब्याच्या तारांवर इन्सुलेशनच्या आत हिरवं चढत राहतं. अशी गाडी खड्ड्यात आदळली की मरते आणि दार आपटलं की जिवंत होते. तिथे सीट काढून, कार्पेट उचलून खालचे अर्थिंगचे बोल्ट आणि कनेक्टर एकेक उघडावे लागतात. जुनी गाडी घ्यायला निघालात तर सीटखालचा एक कनेक्टर उघडायला सांगा. पिना हिरव्या दिसल्या तर भाव करू नका, निघा.