भेंडीपासून सुरू करा, लिनो नंतर बघू

दुसरी ते चौथीच्या पोरांना छापकाम शिकवायचं असेल तर लिनो (कोरून छापायची लिनोलियमची शीट), कटर वगैरेच्या नादी लागूच नका, मंडईतून येताना पावशेर भेंडी आणा. जून झालेली असली तरी चालेल, उलट तीच बरी. आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयारच असतं. कापायचं काम मात्र आपलंच. भेंडी चिकट असते, आणि बटाटा कापून ठसे काढलेत तर त्याला पाणी सुटतं, म्हणून कापलेली बाजू जुन्या पेपरवर दहा मिनिटं पालथी ठेवा, नाहीतर रंग धरत नाही, नुसता ओघळतो.

रंगाच्या बाटल्या मुलांच्या हातात द्यायच्या नाहीत. मी एकदा दिल्या होत्या, पंधरा मिनिटांत सगळे रंग एक होऊन शेणासारखा चॉकलेटी झाला. भांडी घासायचा नवा स्पंज ओला करून घट्ट पिळा, ताटलीत ठेवा, वर पोस्टर कलर घट्टच पसरा, झालं स्टॅम्प पॅड. पहिला ठसा घाणच येतो कारण रंग जास्त लागतो, दुसरा-तिसरा छान येतो, हे आधीच सांगून ठेवलं की रडारड होत नाही.

पुढच्या शनिवारी फोम शीट घ्या, पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळते. पोस्टकार्डाएवढे तुकडे करा, बॉलपेनाने जोरात दाबून चित्र काढायचं, स्पंजने पातळ रंग थापायचा, वर झेरॉक्सचा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. खोल गेलेल्या रेघा पांढऱ्या राहतात. इथे कोणीतरी स्वतःचं नाव लिहिणारच आणि ते उलटं येणारच!! आधी सांगू नका हो, येऊ द्या. मग कागदावर नाव लिहून तो खिडकीच्या काचेवर पालथा धरायचा, मागून उलटं दिसतं तसं फोमवर उतरवायचं.

मी तेव्हाच चित्रशाळा प्रेसची गोष्ट सांगते, आपल्या पुण्यातच 1878 साली सुरू झालेला छापखाना, देवादिकांची रंगीत चित्रं दगडावरून छापायचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि त्यावर चित्र उलटं. मग पोरांना दोन रंग करायचेच असतात. करू द्या, आधी पिवळा सगळीकडे, तो पूर्ण वाळला की फोम धुऊन त्याच पाटीवर अजून रेघा कोरायच्या आणि वरून निळा. कागदाचे कोपरे टेबलावर पेन्सिलने आखून ठेवा, नाहीतर दुसरा रंग सरकतो. थोडा सरकला तरी मला तर तो आवडतो.

वीस मुलं असतील तर छापायची टेबलं दोनच ठेवा, बाकीची कोरत बसतील. वाळत घालायला दोरी आणि कपड्यांचे चिमटे. प्रत्येकाने पाच प्रती काढायच्या आणि खाली पेन्सिलने 1/5, 2/5 असं लिहून सही करायची, सही करताना काय भाव खातात म्हणून सांगू.