पी-व्हॅल्यू वाचताना या चुका टाळा

प्रबंध जमा करायची मुदत जवळ आली की पुण्यातल्या एमबीए, एमएस्सी आणि एमडीच्या मुलांचा एकच प्रश्न असतो: संख्याशास्त्रीय चाचणीतून निघणारी पी-व्हॅल्यू, म्हणजे पी, 0.05च्या खाली आली का? आली तर ‘सिद्ध झालं’, नाही आली तर ‘फरक नाही’. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि त्यांच्यावर पुढे उपचारांचे आणि पैशांचे निर्णय घेतले जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रश्न उलटा वाचणं. ‘मुळात फरकच नाही’ हे नल हायपॉथिसिस खरं धरलं, तर हातात आलेला किंवा त्याहून टोकाचा डेटा मिळण्याची शक्यता किती, एवढंच पी-व्हॅल्यू सांगते. नल खरं असण्याची शक्यता ती सांगत नाही. समजा, 1000 कल्पना तपासल्या आणि त्यातल्या 100च खऱ्या आहेत. चाचणीची पॉवर, म्हणजे खरा फरक असेल तर तो पकडण्याची क्षमता, 80 टक्के असेल, तर खऱ्यांपैकी 80 सापडतील. उरलेल्या 900 मधून 5 टक्क्यांच्या हिशेबाने 45 उगाचच ‘सिग्निफिकंट’, म्हणजे पी 0.05च्या खाली असलेले, ठरतील. एकूण 125 सिग्निफिकंट निकालांत 45 खोटे, म्हणजे 36 टक्के. ‘पाच टक्केच चूक’ असं समजणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतः कागदावर मांडावा.

दुसरी चूक: पी मोठी आली म्हणून ‘फरक नाही’ असं लिहून मोकळं होणं. कोथरूडहून हडपसरला जाताना स्वारगेटवरून लवकर पोचतो की पुणे स्टेशनवरून, हे तपासायचंय असं धरा. दोन्ही मार्गांच्या 12-12 फेऱ्या नोंदवल्या, सरासरीत 6 मिनिटांचा फरक निघाला आणि दोन्हीकडे प्रमाण विचलन (वेळा सरासरीभोवती किती पसरल्यात त्याचं माप) 10 मिनिटं आहे. दोन सरासरींची तुलना करणाऱ्या टी-टेस्टची पी सुमारे 0.16 येते. पण 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे डेटाशी जुळणाऱ्या फरकांचा पल्ला, उणे 2.5 ते अधिक 14.5 मिनिटं आहे, म्हणजे चौदा मिनिटांचा फरकही या डेटाला मान्य आहे! फेऱ्या 48-48 केल्या आणि सरासरी, विचलन तेच राहिलं, तर पी 0.004 होते. फरक तोच, 6 मिनिटांचा. बदलली ती फक्त सॅम्पल साइज.

उलट बाजूही लक्षात घ्या. नाणं एक लाख वेळा उडवून 50,500 वेळा छापा आला, तर पी साधारण 0.0016 येते. नाण्यात खोट आहे खरी, पण अर्ध्या टक्क्याची. पी लहान म्हणजे परिणाम मोठा, असं नसतं.

मग 0.05 आलं कुठून? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1925च्या आपल्या पुस्तकात ही सोयीची सीमा म्हणून वापरली. 0.049 आणि 0.051 यांत निसर्गाने काही रेघ ओढलेली नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016च्या निवेदनात स्पष्ट सांगितलं की, पी एखाद्या सीमेच्या आत आहे की बाहेर, एवढ्यावरच निर्णय घेऊ नयेत.

प्रश्नावलीतले वीस प्रश्न एकेक तपासून जो ‘लागला’ तोच छापणं मात्र मला सगळ्यात गंभीर वाटतं. कुठेच फरक नसला आणि चाचण्या स्वतंत्र असल्या, तरी किमान एक सिग्निफिकंट निघण्याची शक्यता 64 टक्के असते. किती चाचण्या केल्या ते लिहा. बॉन्फेरोनी पद्धतीने (सीमेला चाचण्यांच्या संख्येने भागून) सीमा 0.05 भागिले 20, म्हणजे 0.0025 करा. आणि मुख्य प्रश्न कोणता, हे डेटा गोळा करण्याआधीच ठरवा.

आउटपुट वाचतानाही गफलत होते. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये .000 दिसलं म्हणजे पी शून्य नव्हे, 0.001 पेक्षा कमी असं लिहा. आर (R) या सॉफ्टवेअरमध्ये 2.3e-05 म्हणजे 0.000023, शेवटचा भाग नजरेतून सुटला की 2.3 वाचलं जातं. पी एकपेक्षा मोठी दिसली तर आधी तिथेच बघा.

निकालाचं वाक्य असं लिहा: ‘सरासरी फरक 6 मिनिटं, 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 1.9 ते 10.1, पी 0.004, प्रत्येक मार्गाच्या 48 फेऱ्या.’