शाळेचं गेट-टुगेदर ठरवताय? आधी या चुका टाळा

साठी जवळ आली की माणसाला अचानक शाळा आठवते. पोरं पुण्याला नाहीतर बंगलोरला, रिटायरमेंट झालेली किंवा तोंडावर आलेली, आणि हातात मोबाइल. मग रात्री अकरा वाजता कोणीतरी ग्रुप काढतो आणि लिहितो, ‘पोट्टेहो, एकदा भेटूनच टाकू ना बे!’ धडाधड अंगठे वर होतात. इथवर सगळं झकास. त्यानंतरच्या चुका मात्र नागपुरातली प्रत्येक बॅच ठरवल्यासारख्या त्याच त्या करते. आमच्या बॅचचं बरं जमलं म्हणून आता महालापासून मानेवाड्यापर्यंत कोणाकोणाच्या बॅचचे फोन मला येतात, आणि तेच ते सांगून घसा बसतो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

यादी न करता ग्रुप काढणं

ग्रुपवर आले तेवढीच आपली बॅच, असं धरून सगळे कामाला लागतात. राहून जातात ते लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली, नववीत शाळा सोडलेले, दहावीत नापास झालेले आणि आजही साधा फोन वापरणारे. सात वर्षं एका बाकावर बसलेला मुलगा केवळ बोर्डाच्या परीक्षेत अडकला म्हणून ‘आपल्या बॅचचा नाही’? यादी दहावीच्या निकालावरून करू नका. शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं, त्यात कोण कधी आलं आणि कोण कधी गेलं हे लिहिलेलं असतं. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या आणि फक्त नावं उतरवून घ्या.

मुली फेसबुकवर माहेरच्या नावाने सहसा सापडत नाहीत. तिथे तासन् तास घालवण्यापेक्षा तिचा भाऊ शोधा. भाऊ नाही सापडला तर मोहल्ला शोधा. इतवारीतल्या एका ओळीत, म्हणजे गल्लीत, मी अशीच एक मैत्रीण शोधायला गेले होते. वाड्याच्या जागी चार मजली इमारत उभी, पण शेजारची पीठगिरणी तीच. गिरणीवाल्याने भुवयांवरचं पीठ पुसलं आणि पट्टा चालूच ठेवून ओरडून सांगितलं, “मोठ्या ताई का? त्या चंद्रपूरले देल्या ना! लहान भाऊ नंदनवनात राह्यते, थांबा, नंबर देतो.” पाच मिनिटांचं काम. पण आजकाल कोणाला स्कूटरवरून उतरायचं नसतं.

न विचारता श्रद्धांजली वाहणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते.

एका बॅचने मला सूत्रसंचालनाला बोलावलं होतं. स्टेजच्या बाजूला काळ्या किनारीचा फ्लेक्स, त्यावर दिवंगत वर्गमित्रांची नावं आणि शाळेच्या ग्रुप फोटोतून कापून मोठे केलेले धूसर चेहरे. दोन मिनिटं मौन झालं, सगळे बसत होते, तेवढ्यात मागच्या दारातून एक गृहस्थ आत आले. संभाजीनगरहून पहाटे निघून समृद्धीने गाडी हाणत आलेले. फ्लेक्ससमोर उभे राहिले, चष्मा वर केला, नीट वाचलं आणि म्हणाले, “अबे, आधी चहा तं पाजा, मंग घाला हार!”

घोळ असा झाला होता, की अ तुकडीत आणि ब तुकडीत एकाच नावाचे दोघे. गेला होता तो ब मधला. ग्रुपवर कोणीतरी नुसतं नाव टाकून ‘आपल्याला सोडून गेला’ लिहिलं, खाली हात जोडलेल्यांची रांग लागली, आणि फ्लेक्सवाल्याकडे फोटो गेला तो अ मधल्याचा. त्या रांगेतल्या एकानेही त्याच्या घरी फोन केला नव्हता.

हॉल हसून लोटपोट. जिवंत माणसाला खांद्यावर घेऊन फोटो काढले. या गमतीत जो खरंच गेला होता त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्याची धाकटी बहीण त्याच शाळेची, भावाच्या मित्रांना भेटायला म्हणून आग्रहाने बोलावलेली, तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने पर्समधून आणलेला भावाचा फोटो पुन्हा पर्समध्ये ठेवला आणि जेवणाआधीच निघाली.

म्हणून माझा नियम पक्का आहे. गेलेल्याचं नाव मी ग्रुपवरून उचलत नाही. घरी फोन करते, बायको, नवरा, भाऊ, जो असेल त्याच्याशी बोलते, नाव, तुकडी आणि वडिलांचं नाव ताडून घेते आणि कार्यक्रमात नाव घेतलेलं चालेल का तेही विचारते. फ्लेक्स तर लावूच नका. बाकावर शेजारी बसणाऱ्याने उठून दोन वाक्यं बोलावीत. ‘याच्या डब्यातला ठेचा आम्ही चोरून खायचो’ एवढं पुरतं.

तारीख मतदानाने ठरवणं

ग्रुपवर मतदान घेतलंत की वीस तारखा येतील आणि भांडण होईल. दोघांनी बसून ठरवा, बाकीच्यांना कळवा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, ते डोक्यातून काढून टाका. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. विदर्भ महाराष्ट्रात येण्यासाठी झालेला नागपूर करार १९५३ चा, आणि त्यातला दर वर्षी एक अधिवेशन इथे घेण्याचा शब्द आजही बहुतेक पाळला जातो, त्यामुळे त्या दिवसांत हॉटेलं भरलेली, सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडवलेले आणि बर्डीवर मोर्चे. शिवाय लग्नसराई. मी सरळ पौष महिना बघते. लग्नं नसल्यामुळे लॉन रिकामी असतात, भाव करता येतो, आणि संक्रांतीच्या आसपास धरलं तर तिळगूळ आपोआप होतो. वेळ सकाळची ठेवा. जानेवारीतल्या नागपुरी रात्री उघड्या लॉनवर साठीचे गुडघे काय म्हणतात, ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

तारीख तीन-चार महिने आधी कळवा. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी उघडतं, आणि पुणे-नागपूर गाड्या किती वेळात भरतात हे कोणाला सांगायला नको.

वर्गणीची जाहीर यादी

सरसकट अडीच हजार, आणि ज्याने भरले त्याच्या नावापुढे ग्रुपवर हिरवी खूण. असल्या याद्या करणारे बहुधा मोठ्या पदावरून निवृत्त झालेले असतात, आणि त्यांना यात काही वावगं वाटत नाही. उलट म्हणतात, “पारदर्शकता नको का?”

आमच्यातला एक जण इस्त्रीचं दुकान चालवतो. यादीतली त्याच्या पुढची जागा आठवडाभर रिकामी राहिली, मग कोणीतरी ‘स्मरणपत्र’ म्हणून त्याला ग्रुपवर टॅग केलं. दुसऱ्या दिवशी तो ग्रुपमधून बाहेर. मी दुकानात गेले. कोळशाची इस्त्री बाजूला ठेवून त्याने स्टूल पुसून दिलं. म्हणाला, “यायचं होतं, पण त्याच दिवशी साळ्याच्या घरी लगन हाये.” पौष महिना चालू होता. पौषात कुठलं आलंय लग्न? पण मी मान डोलावली आणि चहा प्यायले. निघताना म्हटलं, “लग्न आटोपून ये. माझ्यासोबत दारावर उभं राहायला माणूस पाहिजे.” तो आला, आणि दिवसभर बिल्ले तोच वाटत होता.

तेव्हापासून पैसे एकाच माणसाकडे, बंद पाकिटात किंवा थेट त्याच्या मोबाइलवर. आकडा लहान ठेवायचा आणि वरचा खर्च पाच-सहा जणांना फोनवर वेगळा मागायचा. ते आनंदाने देतात, फक्त त्यांचं नाव बॅनरवर टाकायचं नाही. नाव टाका म्हणणाऱ्याचे पैसे मी घेत नाही. बजेट बसत नसेल तर रिसॉर्ट सोडा आणि रविवारी शाळेचाच हॉल मागा. तर्री पोहे, दुपारी गोळाभात, वर संत्रा बर्फी. कोणाचंही पोट भरतं.

‘सांग, मी कोण?’

हा खेळ बंद करा. केस गेले, पोट आलं, चाळीस वर्षं झाली, समोरच्याने ओळखायचं कसं? शिक्षकांसोबत तर हा प्रकार निव्वळ क्रूर आहे. ऐंशी ओलांडलेल्या बाईंचा हात धरून लोक विचारत राहतात आणि त्या बिचाऱ्या कानकोंड्या होतात. आपलं नाव, तुकडी आणि बाक सांगून मोकळं व्हा: “बाई, मी ब तुकडी, खिडकीजवळ बसायची.” सगळ्यांना बिल्ले द्या, शाळेतल्या नावाचे, आणि अक्षर एवढं मोठं की चष्मा न शोधता वाचता येईल.

शिक्षकांचा सत्कार पहिल्या अर्ध्या तासात उरका. शाल-श्रीफळ, चार शब्द, आणि त्यांना घरी सोडायला गाडी तयार. ज्यांना जिना चढवत नाही त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन भेटा.

बारीकसारीक

खुर्च्या रांगेत लावू नका. लावल्यात की दहा मिनिटांत मुलं डावीकडे, मुली उजवीकडे, जशी सातवीत होती तशी.

माइकवर टोपणनावं नकोत. ‘लेंडी’ म्हणवून घ्यायला कोणी सुनेसोबत येत नाही.

ओळखपरेड करायचीच तर पद, पगार, मुलांचं पॅकेज वगळून. ‘हल्ली सकाळी काय करतो’ एवढंच विचारा, माणसं खुलतात.

डीजे नको. यावर चर्चाही नको.

बेसा-पिपळ्याचे प्लॉट आणि विम्याच्या पॉलिसी घेऊन येणारा एक तरी असतोच. त्याला दारातच सांगा, आज नाही.

नंतरचा घोळ

कार्यक्रम झाला की पंधरा दिवस फोटो, मग सुप्रभात, मग राजकारण, मग दोन गट. ग्रुप बंद पडला म्हणून रडत बसू नका, ते त्याचं नशीबच आहे. त्याच आठवड्यात दोन कामं करा. उरलेल्या पैशांचा हिशेब बिलांसकट टाका, नाहीतर तीनशे रुपयांवरून वर्षभर कुजबुज चालते. आणि जे आले नाहीत त्यांना एकेकाला फोन करा. ‘का नाही आलास’ हे विचारायचं नाही. काय काय झालं ते सांगायचं आणि पुढच्या रविवारी सकाळी फुटाळा तलावावर कोण कोण भेटतंय ते कळवायचं. गोव्याच्या सहलीचं मात्र इतक्यात कोणी नाव काढू नका, निदान मला तरी त्यासाठी फोन करू नका.