अपघातानंतर घरी आणलेल्या माणसाला पुन्हा उभं कसं करावं

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी किंवा अंबाजोगाईच्या स्वाराती या सरकारी दवाखान्यातून सुट्टी झाली की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. पण सळई टाकल्यावर हाड जुळतं एवढंच. गुडघा वाकवणं, आपलं आपण संडासला जाणं, चारचौघांत बसणं हे सगळं घरीच परत मिळवावं लागतं.

सुट्टीआधी
पायावर किती भार द्यायचा, कोणता सांधा हलवायचा आणि पुन्हा एक्स-रे कधी काढायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. फिजिओथेरपिस्टसमोर घरातल्या एकानं व्यायाम स्वतःच्या हातानं करवून पाहावेत. नुसतं बघून ते लक्षात राहत नाहीत.

घरात
सैल बाजेवर कंबर खचते, उठता येत नाही. साधारण गुडघ्याएवढ्या उंचीचा, घट्ट गादीचा पलंग बघा. उकिडवं बसणं जमत नसेल तर कमोड खुर्ची आणा. रात्री संडासच्या वाटेवर दिवा राहू द्या.

अंथरुणावर असेपर्यंत
सगळ्यात जास्त हयगय इथं होते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दर २ तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. टाचा, माकडहाड, कोपर रोज उजेडात पाहा. लाल डाग बोटानं दाबूनही पांढरा पडत नसेल तर ती पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे. तो चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याखाली कायम उशी ठेवली की बरं वाटतं, पण गुडघा तसाच आखडतो. पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच १०८ ला फोन करा.

गावात कुणीतरी तेल लावून रगडून घ्यायला सांगतंच. जुळत असलेल्या हाडाला रगडू देऊ नका. तंबाखू आणि बिडीही बंद, त्यानं हाड उशिरा जुळतं. भाकरीसोबत वरण, अंडी, शेंगदाणे, दूध रोज पोटात जाऊ द्या.

चालताना
कुबडीचं वरचं टोक काखेपासून दोन-तीन बोटं खाली असावं आणि भार तळहातांवर घ्यावा. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरा. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

मनाचं
डोक्याला मार लागलेला माणूस चिडतो, विसरतो, त्याची झोप उडते. त्याला ‘नाटकं करतोय’ म्हणू नका. भेटायला येणारे ‘कसं झालं हो?’ म्हणून तोच प्रसंग परत परत वदवून घेतात, त्यांना दारातच थांबवा. त्याच्याकडे दुधाचा हिशेब द्या, शेंगा फोडायला द्या, लेकरांचा अभ्यास घ्यायला सांगा. फारच खचला असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लावा.

कागदपत्रं
एफआयआर, पंचनामा, सुट्टीचं कार्ड आणि सगळी बिलं एका पिशवीत ठेवा. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला कायद्यानं अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कायमचं अपंगत्व राहिलं तर यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी अर्ज करा. बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं.

कामावर परतताना
ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असली की पाय कच्चा असतानाच माणूस फडात निघतो. मुकादमाशी घरातल्या मोठ्यानं बोलावं. डॉक्टरांनी पूर्ण भार द्यायला सांगेपर्यंत मोळी डोक्यावर घेऊ देऊ नका.