चक्रीवादळानंतर कोकणात मदत पाठवताना: आधी छप्पर, मग पाणी, मग मुलांची शाळा

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० च्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं आणि ११ जूनला मोसमी पाऊस कोकणात पोचला. मधे जेमतेम आठ दिवस होते. मे-जूनमध्ये कोकणाला वादळाचा फटका बसला की मदतीचा क्रम हे अंतरच ठरवतं. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या टेम्पोत बहुतेक वेळा तांदूळ, बिस्किटं आणि जुने कपडे असतात. पण ज्या घराची कौलं उडालीत, तिथे तांदळाचं पोतं दोन पावसांत भिजतं आणि तान्हं मूल ओल्या गोधडीत झोपतं. म्हणून पहिली गाडी ताडपत्री, दोरी, खिळे आणि करवतींची काढा. धान्य दुसऱ्या गाडीत जाऊ दे.

यादी कुठून मिळवायची

सरपंचांना फोन करून "किती घरं?" एवढंच विचारलं, तर गावठाणातली घरं मोजली जातात. कोळीवाडा, मोहल्ला, बौद्धवाडी आणि गावाबाहेरची कातकरी वाडी सुटते. कातकरी कुटुंबांपैकी अनेकांची जागा स्वतःच्या नावावर नसते, काहींकडे रेशनकार्डही नसतं. त्यामुळे ती पंचनाम्यातूनही सुटतात आणि मदतीतूनही. तिथली माहिती स्वतंत्रपणे, वाडीवर जाऊन घ्या.

लहान मुलांची सर्वांत भरवशाची यादी अंगणवाडी सेविकेच्या रजिस्टरमध्ये असते: सहा वर्षांखालची मुलं, गरोदर बाया, स्तनदा माता. आशाताईंना कोणाला कोणता आजार आहे, कोण एकटी राहते, हे माहीत असतं. या दोघींना विचारल्याशिवाय खरेदी करू नका.

मोजताना घर धरू नका, चूल धरा. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील, तर ती दोन कुटुंबं. हे आधी ठरवलं नाही तर वाटपाच्या दिवशी तिथेच भांडण होतं.

रस्त्याचीही चौकशी आधी करा. म्हसळा-श्रीवर्धन भागातल्या आतल्या रस्त्यांवर मोठा ट्रक वळत नाही. झाडं पडलेली असली तर पिकअप किंवा छोटा हत्ती टेम्पोच वाडीपर्यंत जातो. पहिल्या आठवड्यात मोबाइलला रेंज नसते, म्हणून भेटीची जागा आणि वेळ आधीच पक्की करून निघा.

छप्पर

ताडपत्रीचा जाडपणा जीएसएममध्ये (दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन) मोजतात. बाजारात स्वस्त मिळणारी १०० ते १२० जीएसएमची ताडपत्री कोकणच्या पावसात एक महिना टिकत नाही. २०० जीएसएमच्या खाली घेऊ नका. आंतरराष्ट्रीय मदतसंस्था ४ × ६ मीटरची ताडपत्री वापरतात. आपल्याकडे १५ × १८ किंवा १८ × २४ फुटी मिळते. कडेला दर तीन फुटांवर धातूची कडी हवी. एका कुटुंबाला दोन ताडपत्र्या, ३० मीटर जाड नायलॉन दोरी, एक किलो खिळे आणि वीसेक रिपा (लाकडाच्या पातळ पट्ट्या) द्या. हातोडी, करवत, पक्कड आणि शिडी दर पाच घरांमागे एक संच पुरतो.

बांधताना चुका ठरलेल्या असतात. ताडपत्री आढ्यावरून, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच मधल्या लाकडावरून, दोन्ही बाजूंना टाकायची. फक्त भोकावर ठिगळ लावलं तर वरून वाहत आलेलं पाणी तिच्याखालीच शिरतं. पावळीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, बाहेर ती किमान दीड फूट लोंबली पाहिजे, नाहीतर मातीची भिंत भिजून खाली बसते. ताडपत्रीतून थेट खिळा मारला की पहिल्या वाऱ्यात तिथून फाटते. कड रिपेभोवती दोन वेळा गुंडाळा आणि मग रीप वाशाला (छपराच्या तिरक्या लाकडाला) ठोका. दोरी कौलाच्या रिपांना न बांधता खांबाला किंवा भिंतीतल्या मजबूत लाकडाला बांधा. कुठेही खळगा राहू देऊ नका. साचलेल्या पाण्याच्या वजनाने मोडका वासा खाली येतो.

कायमच्या दुरुस्तीसाठी मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात. वाहतुकीतली फूट धरून दहा टक्के जास्त घ्या. सिमेंटचे पत्रे देणार असाल तर नुसते पत्रे देऊन भागत नाही. जे-हूक (पत्रा लाकडाला धरून ठेवणारे वाकडे हूक), डांबरी वायसर आणि गॅल्व्हनाइज्ड नट सोबत द्या, नाहीतर लोक नाइलाजाने पत्र्यांवर दगड ठेवतात आणि पुढच्या वादळात ते दगड उडतात. भोक नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही. एकावर एक पत्रा सहा इंच चढवायचा आणि खालच्या आडव्या लाकडांमधलं अंतर १.४ मीटरपेक्षा जास्त ठेवायचं नाही. वारा पावळीला आणि कोपऱ्यांना आधी उचलतो, म्हणून तिथे हूक दुप्पट लावा.

सिमेंटच्या पत्र्यावर कोणालाही चालू देऊ नका. पत्रा पायाखाली फुटून माणूस सरळ खाली येतो आणि वादळातून वाचलेला घरातला कर्ता दुरुस्तीत जायबंदी होतो. आडवी फळी टाकून तिच्यावरूनच काम करा. जुन्या फुटक्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. तुकडे ओले करून उचला, कोरडे कापू नका, मुलांना तिथे खेळू देऊ नका.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधी: काहीही हलवण्यापूर्वी घराचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढून ठेवायला सांगा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचा पंचनामा व्हायचा असतो. आपण घाईने छप्पर घातलं आणि नुकसानीचा पुरावा गेला, तर त्या कुटुंबाची सरकारी भरपाई अडकते.

पाणी

वीज गेली की नळपाणी योजनेचा पंप बंद पडतो आणि सगळं गाव जुन्या विहिरींवर येतं. तिथे झावळ्या आणि पोफळीचा पाला पडून कुजत असतो. बाटलीबंद पाण्याचे खोके पाठवण्यापेक्षा विहीर साफ करण्यावर खर्च करा. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागतं. पाच जणांच्या घराला ७५ लिटर. एवढं पाणी बाटल्यांतून पुरवणं शक्य नाही.

आधी पाला आणि गाळ काढा. पाला राहिला तर टाकलेलं क्लोरीन त्यातच संपतं. मग पाणी मोजा: व्यासाचा वर्ग × पाण्याची खोली × ०.७८५, सगळं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर मिळतात. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ घनमीटर, अर्थात २८,००० लिटर. चांगल्या प्रतीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे ७० ग्रॅम. बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊण भरून ढवळा, दहा मिनिटं ठेवा आणि वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडा. तळचा चुना टाकायचा नाही. एका तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) घ्या. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा मात्रा द्या. वादळानंतर पहिल्या वेळी रंग न येणं नेहमीचं आहे. हे काम रात्री केलं तर सकाळपर्यंत कोणी पाणी भरत नाही. उघडी राहिलेली किंवा जुनी टीसीएल निकामी झालेली असते, म्हणून पावडर ताजी आणि बंद डब्यातली घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सोबत घेतलंत तर तुम्ही परतल्यावरही काम चालू राहतं.

प्रत्येक घराला झाकणाची २० लिटरची बादली आणि लांब दांड्याचं ओगराळं द्या. स्वच्छ पाणी घाण होतं ते घरात, पेला बुडवताना.

तान्ही आणि लहान मुलं

दुधाची पावडर आणि बाटल्या पाठवू नका. हे कळकळीने सांगावं लागतं, कारण प्रत्येक वादळानंतर त्या येतातच, आणि देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण खराब पाण्यात कालवलेली पावडर आणि नीट न उकळलेली बाटली सहा महिन्यांखालच्या बाळाला जुलाबाकडे नेते. त्यात आईचं दूध पाजणं सुटलं की परत आणणं कठीण. मोफत पावडर-बाटल्या वाटण्यावर बाळांच्या दूध-पावडरीविषयीच्या १९९२ च्या कायद्यानेही निर्बंध आहेत. धक्क्याने आईचं दूध आटत नाही; कधी ते उतरायला वेळ लागतो, आणि बाळाला वारंवार छातीशी घेतलं की ते येतं. त्यासाठी आईला जास्तीचं जेवण, पाणी आणि आडोसा लागतो. शाळेत निवारा असेल तर एक वर्ग चादरी लावून फक्त बायकांसाठी ठेवा. आई नसलेल्या किंवा वरच्या दुधावरच असलेल्या बाळाचा निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी घ्यावा. तिथे वाटीचमचाच वापरायचा.

सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी तांदूळ-मुगाची भाजून भरडलेली पूड द्या, त्याचं खिमट होतं. नाचणीचं पीठ आणि गूळही उत्तम. बिस्किटांनी पोट भरतं, पोषण होत नाही.

जुलाबाला ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं. अर्धं पाकीट पेल्यात घालणं ही फार दिसणारी चूक आहे. त्यात मिठाचं प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाका. जोडीला झिंक १४ दिवस: सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळांना १०. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या. मूल मलूल झालं, पीत नसेल किंवा शौचातून रक्त येत असेल, तर थेट दवाखाना.

पंधरा दिवसांचा शिधा

पाच माणसांना: तांदूळ २५ किलो, तांदळाचं किंवा नाचणीचं पीठ १० किलो, तूरडाळ ३ किलो, मसूर २ किलो, तेल २ लिटर, साखर किंवा गूळ २ किलो, मीठ १ किलो, तिखट-हळद, चहा, आणि प्लास्टिकमध्ये बांधलेल्या काडेपेट्या. यात माणशी रोजचे सुमारे २१०० कॅलरी बसतात. वजन ४५ किलोच्या पुढे जातं, म्हणून दोन पोती करा. एकच केलं तर म्हातारी माणसं आणि एकट्या बाया ते उचलू शकत नाहीत.

सोबत सोलर दिवा किंवा बॅटरी, मच्छरदाणी, साबण, सॅनिटरी पॅड, मुलांची नवी आतली कापडं आणि रेनकोट. विजेविना रात्री सापाची भीती असते, तेव्हा दिवा ही चैन नाही. जुने कपडे मात्र नकोच. ते शाळेच्या ओट्यावर भिजत पडतात आणि गावालाच जाळावे लागतात.

वाटप सकाळी, आधी दिलेल्या कुपनांवर करा. मुलांचे हात पसरलेले फोटो काढू नका. मुलांसोबत खेळ किंवा चित्रकला घेणार असाल तर नेहमी दोन मोठी माणसं हवीत, त्यातली एक बाई. पालकांपासून चुकलेलं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करा. त्याचं काय करायचं हे बालकल्याण समिती ठरवते. "आम्ही सांभाळतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडे मूल देऊ नका.

पैसा

नोंदणी नसलेल्या गटाने वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, गणेशोत्सव मंडळं घेतात तीच. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) हवी असलेल्यांना सांगा: २००० रुपयांवरची रोख देणगी आणि वस्तुरूप मदत त्यात बसत नाही. परदेशातल्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय योगदान ठरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे, ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळणारं ओळखपत्र) असलं तरी, ठरतात. ते एफसीआरए (परकीय योगदान नियमन कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेनेच घ्यायचे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था हे पैसे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणून स्वतः त्या तालुक्यात काम करणारी संस्थाच शोधा.

शाळा आणि पुढची वर्षं

शाळा १५ जूनच्या आसपास उघडते. आठवीपर्यंतची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात, म्हणून भिजलेल्या पुस्तकांची संख्या आधी मुख्याध्यापकांना कळवा. तुम्ही वह्या, दप्तर आणि नववी-दहावीची पुस्तकं द्या. भिजलेले दाखले उन्हात किंवा इस्त्रीने वाळवू नका. सुटे करून वर्तमानपत्राच्या घड्यांत, सावलीत ठेवा आणि कागद बदलत राहा.

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. सुपारीची बाग वादळात आडवी झाली की नव्या रोपाला फळ धरायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं त्या घराला ते उत्पन्न नसतं. अशा वेळी नववी-दहावीतल्या मुली सर्वांत आधी शाळेतून काढल्या जातात. जमलेल्या रकमेतला एक वाटा पहिल्याच दिवशी वेगळ्या मुदत ठेवीत टाका. जितक्या मुलांची पाच वर्षांची फी, एसटीचा पास आणि वसतिगृहाचा खर्च त्यात बसतो, तेवढ्याच मुलांची जबाबदारी घ्या. फी थेट शाळेच्या खात्यात भरा आणि पावतीची प्रत आईकडे द्या. दर एप्रिलमध्ये घरी फोन करा, कारण सातवी किंवा दहावीनंतर शाळा बदलते आणि नवं खातं, नवी फी त्याच वेळी विचारून घ्यावी लागते.