मॉडेल रेल्वे कपाटातून बाहेर काढा: नाशिककरांनी आपले लेआउट आणि कलेक्शन एकमेकांसोबत कसे चालवायचे

मॉडेल रेल्वेचा नाद असलेली माणसं नाशिकमध्ये कमी नाहीयेत, फक्त एक गंगापूर रोडला, एक सिडकोत, एक देवळालीला, आणि प्रत्येकाची गाडी आपापल्या शोकेसमध्ये किंवा माळ्यावर खोक्यात. एकमेकांना दाखवायचं म्हणजे मोबाईलवर फोटो टाकायचा, समोरून 'भारी' येतं, संपलं. माझं म्हणणं एवढंच की लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशन-डोंगर मांडलेला आपला बोर्ड, पहिल्यापासून असा बनवा की तो घराबाहेर पडेल आणि दुसऱ्याच्या लेआउटला जोडता येईल. आठ बाय चारचा प्लायवूड बेडरूममध्ये ठोकून टाकलात तर तो बघायला लोकांनी तुमच्याकडेच यायचं, आणि बायको-आई वैतागली की तो मोडायचाच.

पहिली गोष्ट, भेटायच्या आधीच विचारून घ्या की समोरच्याचा स्केल (खऱ्या गाडीच्या किती पट लहान) कुठला, साधा डीसी कंट्रोलर आहे की डीसीसी (प्रत्येक इंजिन आपापल्या नंबरवर वेगळं चालवणारी डिजिटल पद्धत), आणि कपलर (डबे जोडणारा हूक) कुठला. एचओ म्हणजे १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिमी. इंग्लिश ओओ १:७६ असला तरी रूळ तोच १६.५ चा, त्यामुळे एचओच्या रुळावर तो चालतो, फक्त शेजारी उभा केला की जरा गुबगुबीत दिसतो. एन स्केलचा (१:१६०) रूळ ९ मिमीचा, त्याचं यांच्याशी काही जमणार नाही. आणि कोणी जुनी मार्कलिन घेऊन आला, तीन रुळांची, तर ती कौतुकाने बघा पण दोन रुळांच्या ट्रॅकवर ठेवू नका, तिची चाकं इन्सुलेटेड नसतात, ठेवल्या ठेवल्या शॉर्ट. एक वाद मात्र सुरूच करू नका, आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, तो एचओमध्ये १९.३ मिमी व्हायला पाहिजे आणि आपण सगळे १६.५ वर चालवतो. हे सगळ्यांना माहितीये, यावर पूर्ण रविवार जातो आणि एकही गाडी हलत नाही.

आता जोडायचं कसं. एन स्केलवाल्यांसाठी टी-ट्रॅक नावाचं स्टँडर्ड आहे, मूळ कल्पना जपानमधली, जिथे घरं आपल्या वन बीएचकेपेक्षा लहान. एक सिंगल मॉड्यूल, म्हणजे लेआउटचा एक सुटा तुकडा, ३०८ मिमी लांब, म्हणजे ॲक्टिव्हाच्या फूटबोर्डवर ठेवून नाशिकरोडहून कॉलेज रोडला आणता येतं. त्यावर काटो या जपानी कंपनीचा युनिट्रॅक (क्लिक करून जोडायचे तयार रूळ) बसवायचा, एकूण लांबी ३१० मिमी (२४८ चा एक तुकडा आणि ६२ चा एक). ह्या दोन मिमीतच सगळी मजा आहे, दोन्ही टोकांना रूळ लाकडाच्या बाहेर एकेक मिमी डोकावतो, त्यामुळे दोन मॉड्यूल जवळ आणली की आधी रूळ एकमेकांना भिडतात, क्लिक होतात, लाकूड मध्ये येत नाही. तुमच्या सुताराने 'साहेब, दोन मिमीने काय होतंय' म्हणून ३१० चं कापून दिलं तर ते मॉड्यूल परत कापायला लावा, अजिबात ऐकू नका.

दोन रूळमार्ग शेजारी, सेंटर टू सेंटर ३३ मिमी. उंची ७० मिमीपासून वर १०० पर्यंत, खाली चार कोपऱ्यांना ॲडजस्ट होणारे स्क्रू, कारण कुठल्याही हॉलमधली दोन टेबलं एका उंचीची नसतात, सोसायटीच्या क्लबहाऊसमधली तर नाहीच नाही. वायरिंग समोरून मागे निळी-पांढरी-पांढरी-निळी, हे सगळ्यांनी पाळायचंच, एकाने उलटं लावलं की पूर्ण लूप (गाडी फिरते तो बंद मार्ग) शॉर्ट आणि मग कुणाचं मॉड्यूल चुकलं ते शोधत बसा. प्लायला खालून-वरून दोन्हीकडे सीलर मारा. लोक फक्त वरून रंगवतात आणि पावसाळ्यात इगतपुरीकडची ओल आली की बोर्ड पापडासारखा वर येतो.

एचओवाल्यांनी हाच विचार मोठा करून आपापसात ठरवायचा, दोन मार्गांतलं अंतर, काठापासूनचं अंतर, उंची, वायरचे रंग, एवढं एका कागदावर लिहून सगळ्यांकडे ठेवा. कुणी बाहेरचं स्टँडर्ड घेतलं तरी हरकत नाही पण अर्धे एक आणि अर्धे दुसरं असं नको.

मॉड्यूलवर काय बनवायचं हा खरा आवडीचा भाग, आणि इथे नाशिककर नशीबवान आहेत हो. थळ घाट जवळ, ३७ ला १ चा चढ, कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात आणि गाडी इगतपुरीला ढकलत आणतात. ३०८ मिमीच्या मॉड्यूलवर हा चढ खरा दाखवायचा तर जेमतेम ८ मिमी वर जाल, पण दोन्ही टोकं एका उंचीला लागतात म्हणून रूळ सपाटच ठेवा आणि चढ मागच्या डोंगरात, बोगद्याच्या तोंडात दाखवा, बँकर मात्र मागे लावा, बघणाऱ्याला लगेच कळतं हा कुठला घाट. घाटातलं जुनं खेकडा इंजिन म्हणजे डब्ल्यूसीजी-१ बनवायचं असेल तर एक वरळीला नेहरू सायन्स सेंटरमध्ये उभं आहे, टेप आणि कॅमेरा घेऊन जा. बाकी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची चिमणी आणि कोळशाचे डबे, नाशिकरोडच्या फलाटावर पंचवटी (ती १९७५ पासून धावतेय), द्राक्षबागेचे मांडव फ्यूज वायरचे. देवळालीहून ७ ऑगस्ट २०२० ला दानापूरला पहिली किसान रेल सुटली, तो पार्सल रेक कुणीतरी बनवा की.

लासलगावचा कांदा बनवणाऱ्यांना एक सांगणं, खसखस वापरू नका. खसखशीचा दाणा साधारण १ मिमी, म्हणजे एन स्केलमध्ये १६ सेंटीमीटरचा कांदा, एवढा कांदा लासलगावच्या मार्केटला पण कुणी आणला नाहीये. चहाच्या गाळणीतून गाळलेली बारीक वाळू गुलाबी-लाल रंगवा, ढीग करून पातळ फेविकॉल सोडा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका म्हणजे ते आत झिरपतं, नाहीतर वरच थेंब होऊन बसतं आणि वाळू उडते. रुळाखालची खडी पण अशीच बसते.

जमायचं ठरलं की एक माणूस ट्रॅफिक कंट्रोलर, त्याचंच ऐकायचं. डीसीसीवाल्यांनी घरूनच ॲड्रेस बदलून या, नवीन लोको बहुतेक ३ नंबरवर येतो, दोघांनी ३ वालेच ठेवले की एका बटणावर दोन्ही पळणार आणि मग आरडाओरडा. कोण कुठला नंबर वापरणार ते आदल्या रात्रीच ग्रुपवर टाका. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा, पॉलिश पेपर मारू नका, बारीक ओरखडे पडतात आणि त्यात काजळी जास्तच साठते. लांब डब्यांवर लक्ष ठेवा, एलएचबीचा (रेल्वेचा नव्या धाटणीचा) डबा २३.५४ मीटरचा, एनमध्ये १४७ मिमी भरतो, आणि टी-ट्रॅकचं आतलं वळण २८२ मिमी रेडियसचं, तिथे बोगी डब्याच्या खालच्या पार्टला घासते का ते हाताने ढकलून आधी बघा. गाडी घसरली तर आधी पॉवर बंद, मग उचला. आणि उचलायची मालकानेच, बाकीच्यांनी फक्त 'अरे अरे' म्हणायचं.

कुणाचं काही मोडलं तर काय, हे मिसळ खायच्या आधी बोलून घ्या, नंतर बोललं की ते भांडण होतं. आमचा साधा नियम, चालवायला आणलेल्या गाडीची जोखीम मालकाची, पण मागून न विचारता हात लावला तर भरपाई हात लावणाऱ्याची. लहान मुलांना लांब ठेवू नका, त्यांच्यासाठी एक स्वस्तातला इंजिन-डबा वेगळ्या लूपवर सोडा आणि कंट्रोलर त्यांच्या हातात द्या.

कलेक्शन शेअर करायचं तर आधी स्वतःकडे काय आहे ते लिहा. एक्सेलची एक शीट पुरते, स्केल, कंपनी, कॅटलॉग नंबर, कपलर, डीसीसी ॲड्रेस, कुठल्या खोक्यात आहे, कुणाकडे उसनं गेलंय. प्रत्येक डब्याखाली आपल्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, पाच जणांचे सारखेच निळे डबे एकत्र आले की संध्याकाळी हाच ठिपका कामाला येतो. खोकं टाकू नका कधीच, खोक्यातला तो थर्माकोलचा खाचा म्हणजेच तुमचा प्रवासाचा विमा. थ्रीडी प्रिंटेड बॉडी पीएलए प्लास्टिकची असेल तर एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत ठेवून जाऊ नका, पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, डबा केळ्यासारखा वाकलेला मिळेल. आणि पूर्ण कपाटाचा फोटो किंमतीसकट, घराच्या लोकेशनसकट उघड्यावर टाकायची काही गरज नाहीये.

फोटोबद्दल थोडक्यात. मोबाईल उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खाली रुळाजवळ येतो आणि फलाटावर उभ्या माणसाच्या नजरेतून गाडी दिसते. वरून काढलेला फोटो खेळण्याचा दिसतो. पण पूर्ण झालेल्या फोटोपेक्षा अर्धवट कामाचे फोटो टाका, खालची वायरिंग, कुठल्या दुकानात कुठला रंग मिळाला, किती पाणी किती फेविकॉल. दुसऱ्याला उपयोग त्याचाच होतो. कुणाची थ्रीडी फाईल घेतली तर त्याचं नाव घाला आणि त्या फाईलवरून प्रिंट करून विकत बसू नका, असं एकदा झालं की तो माणूस पुढची फाईल देत नाही.

पुण्याला भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासून, सगळ्यांनी मिळून एकदा जाऊन या, एवढं सगळं एका वेळी कसं चालवायचं ते बघायला मिळतं.

आणि पहिला मेळावा घ्यायला मुहूर्त पाहिजेच असेल तर गणपती. आरास करायचीच असते, चार-पाच जणांची मॉड्यूल एकाच्या घरी जोडा, बाप्पाभोवती लूप फिरवा, आख्खी बिल्डिंग बघायला येते आणि त्यात अजून एखादा माळ्यावर ट्रेन ठेवलेला काका सापडतोच. फक्त उदबत्तीचं घर ट्रॅकपासून लांब, फुलं-दूर्वा रुळावर पडणार नाहीत असा पाट पुढे, आणि गुलाल उधळायच्या आधी सगळे लोको खोक्यात, कारण गिअरमध्ये गेलेला गुलाल दिवाळीपर्यंत निघत नाही.